हात गुंतलेले, तोंड मोकळं

बाबू अडीच वर्षांचा होता तेव्हा त्याच्याकडे मोजून सहा-सात शब्द होते. एक ‘मंमं’, एक ‘माय’, एक ‘भुर्र’. बाकीचे आमच्या घराबाहेर कोणाला कळले नसते. बाबू म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. दिवाळीला मी लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तर माय अंगणात सहाण घेऊन बसली होती आणि वेखंडाचं कांड मधात उगाळत होती. ते चाटण बोटाने बाबूच्या जिभेवर फिरवलं की जीभ हलकी होते, वाचा फुटते, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं. काका ओट्यावरून म्हणाले, “याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर मुकाच होता. बोलल ना, काहून घाई करता?” वहिनी गप्प होती. ज्या प्ले-स्कूलमध्ये तिने बाबूचं नाव घातलं होतं, तिथल्या मॅडमनी तिसराच उपाय सांगितला होता : घरात झाडी बोलणं बंद करा, त्याच्याशी फक्त इंग्रजीत नाहीतर शुद्ध मराठीत बोला.

म्हणजे एका मुलासाठी तीन सल्ले. एकाचं म्हणणं, दोष जिभेत आहे. दुसऱ्याचं म्हणणं, दोषच नाही. तिसऱ्याचं म्हणणं, दोष आमच्या घराच्या भाषेत आहे. बाबूला ऐकू नीट येतं का, हे मात्र त्या दिवसापर्यंत कोणीच तपासलेलं नव्हतं. मीही नाही. शहरात राहून, हातात फोन असून नाही.

नागपूरला परतल्यावर मी वाचत बसले. लेकराच्या तोंडी भाषा येते कुठून, याबद्दल आमच्या भागात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणी काय मानलं, ते शोधत. हा लेख त्या शोधाचा आहे.

जड जीभ

वेखंडापासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यात जुनं. वेखंडाचं संस्कृत नाव ‘वचा’. ‘वच्’ म्हणजे बोलणं; वाचा, वचन, वाच्य हे सगळे त्याच धातूचे. वनस्पतीच्या नावातच तिच्याकडून काय अपेक्षा आहे ते लिहून ठेवलेलं. बाळघुटीच्या पुडीत मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ यांच्या शेजारी वेखंड असतं, आणि अजूनही भंडाऱ्याच्या बाजारात कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात ते मिळतं.

याच समजुतीचं दुसरं रूप मला एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकात सापडलं. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. आर. व्ही. रसेल हे तिथले सनदी अधिकारी. १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर त्यांनीच संपादित केलेलं. पुढे १९१६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने त्यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले. त्यात कुर्मी लोकांबद्दल लिहिताना ते सांगतात की मूल लवकर बोलत नसेल तर त्याला पिंपळाची पानं खाऊ घालतात, कारण पिंपळाची पानं वाऱ्यावर सतत सळसळतात. किंवा एखादी वजनाला अगदी हलकी मुळी देतात, म्हणजे जड जीभ तिच्यासारखी हलकी होईल. किंवा आई पीठ मळून हात धुते आणि त्या पाण्याचे काही थेंब मुलाच्या घशात सोडते. ज्या पाण्याने हात स्वच्छ झाले, ते घशातला अडथळाही धुऊन नेईल.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. आपलं लेकरू का बोलत नाही, या प्रश्नाने झोप उडालेली एक बाई मला त्यात दिसली. तिच्या हातात जे होतं – पान, मुळी, पाणी – त्यातून ती उत्तर जुळवत होती. सळसळणारं पान बोलकं, म्हणून ते बोलकं करेल. यात तर्क आहे, फक्त तो चुकीच्या जागी लावलाय. पान, मुळी, वेखंड या सगळ्या उपायांनी गृहीत धरलं की बोलणं जिभेत आणि घशात असतं. जीभ हे बोलण्याचं शेवटचं टोक आहे. त्याच्या आधी कान आहे, मेंदू आहे, आणि समोर बोलणारं माणूस आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती आमच्या घरात घडत होती. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात गंभीर विषबाधा होऊ शकते. वेखंडही मनाने पोटात द्यायची वस्तू नाही. बाबू अडीच वर्षांचा होता म्हणून मधाचं निभावलं. पण तो सहा महिन्यांचा असतानाही मायने ते चाटण दिलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

साहेबांची यादी

रसेल यांच्या थोडं आधी आणखी एक मोठं काम झालं होतं. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली भारतातल्या भाषांची पाहणी सुरू होती. तिचा मराठीचा खंड, म्हणजे सातवा, १९०५ मध्ये आला. तो तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने. पद्धत ठरलेली : प्रत्येक जिल्ह्यातून बोलीचे नमुने मागवायचे. एक नमुना बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा, म्हणजे सगळ्या बोली एकाच गोष्टीत शेजारी ठेवून बघता येतील. दुसरा तिथल्याच एखाद्या गोष्टीचा किंवा बोलण्याचा. आणि तिसरी शब्दांची ठरावीक यादी : हात, पाय, नाक, डोळा, तोंड, दात.

भंडाऱ्याकडची मराठी या खंडात नागपुरीच्या खात्यात गेली. आम्ही जिला झाडी म्हणतो, त्या बोलीला तेव्हा वेगळी ओळख मिळाली नाही. पण मला दुसरीच गोष्ट खटकली. त्या यादीतले शब्द म्हणजे आपण लेकराला मांडीवर घेऊन पहिल्यांदा शिकवतो तेच. नाक कुठे आहे? डोळा कुठे आहे? देशभरातून हे शब्द गोळा केले गेले ते मोठ्या माणसांकडून, कागदावर. ठरलेल्या गोष्टीतसुद्धा ‘मुलगा’ आहे, पण तो बापाकडे वाटणी मागणारा मोठा मुलगा. हे शब्द लेकराच्या तोंडात कसे जातात, हा त्या पाहणीचा प्रश्नच नव्हता. तिला भाषांचा नकाशा हवा होता, आणि नकाशात घराच्या आतलं दिसत नाही.

‘मंमं’ हा कोणाचा शब्द?

घराच्या आतलं बघणारं माणूस मला इंग्लंडमध्ये सापडलं आणि मग पुण्यात.

इंग्लंडमधले चार्ल्स डार्विन. हो, तेच. त्यांनी आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी १८३९ पासून ठेवल्या होत्या आणि १८७७ मध्ये त्यावर एक छोटा निबंध छापला. त्यात ते लिहितात की बरोबर एक वर्षाचा असताना मुलाने खाण्यासाठी एक शब्द काढला : ‘मम्’. डार्विन यांना वाटलं, हा त्याने स्वतः शोधला.

मी ते वाचून थबकले. बाबूचा पहिला शब्द ‘मंमं’. माझाही तोच असणार. महाराष्ट्रातल्या कितीतरी लेकरांचा तोच. मग प्रत्येकाने तो स्वतः शोधला का?

याचं उत्तर पुण्याच्या अशोक केळकर यांच्या कामात मिळतं. केळकर (१९२९–२०१४) हे मराठीतले मोठे भाषावैज्ञानिक. त्यांनी १९६४ मध्ये ‘वर्ड’ या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर एक लेख लिहिला. बाळबोली म्हणजे मोठी माणसं तान्ह्याशी बोलताना जी भाषा वापरतात ती : मंमं, भुर्र, जोजो, हम्मा, भूभू, चिऊ, काऊ. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकाने सहा भाषांमधल्या बाळबोलींची तुलना केली. त्या सहा भाषा कोणत्या? अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची, गिल्याक आणि मराठी. आपली आजी तान्ह्याशी जे बोबडं बोलते, ते साठ वर्षांपूर्वी जगातल्या पहिल्या काही तुलनांपैकी एकीत जाऊन बसलं होतं, आणि शाळेत कोणी आम्हाला हे सांगितलं नाही.

फर्ग्युसन यांच्या मांडणीतला मुद्दा साधा आहे. हे शब्द लेकरं बनवत नाहीत. मोठे ते लेकरांना देतात, आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ते तसेच येतात. त्यांची ठेवणही ठरलेली : ओठांवर येणारे सोपे आवाज, तीच अक्षरं दोनदा, जोडाक्षरं जवळजवळ नाहीत. म्हणजे ज्याला आपण लाडाचं, निरर्थक बोलणं समजतो, ती एक वारशाने आलेली पायरी आहे. ‘मंमं’वर लेकरू आधी चढतं, मग ‘भात’वर. लेकराचं तोंड जेवढं उघडतं, तेवढाच घास आजी भरवते. शब्दाचंही तेच करते. कोणत्याही पुस्तकात न वाचता.

विडीचं सूप

ही पायरी आमच्या घरात कशी चढली जायची, ते मला आठवतं. माझी माय विड्या वळायची. भंडारा-गोंदिया भागात कितीतरी घरांत बायांचा हाच धंदा होता. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान कातरायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायचा. मजुरी हजारावर. हात थांबला तर पैसे थांबले.

पण तोंड मोकळं असायचं. चार घरच्या बाया एका ओसरीत बसायच्या आणि दिवसभर बोलायच्या. कोणाच्या बांधीत पऱ्हे पिवळे पडले, कोणाची बोडी आटली, दंडारीत कोणी काय सोंग घेतलं. आम्ही लेकरं मध्ये. मी कट्टा उचलला की माय म्हणायची, “कट्टा उचलला माह्या पोरीनं. कुठी ठेवतं आता? तिकडं ठेव, टोपलीत.” मी ‘तोपी’ म्हटलं की ती म्हणायची, “हो, टोपली. मोठी टोपली.” मला दुरुस्त केलं जातंय, हे मला कधी कळलंही नाही. शब्द माझ्याकडून जायचा आणि थोडा मोठा होऊन परत यायचा.

याला आता शास्त्रात नाव आहे. मुलाच्या बोलण्याला दिलेला प्रतिसाद, आलटून-पालटून चाललेलं बोलणं. २०१८ मध्ये अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांवर एक अभ्यास झाला. नमुना लहान आहे, पण निष्कर्ष लक्षात राहण्यासारखा : मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, यापेक्षा मोठ्यांशी त्याची किती वेळा बोलण्याची देवघेव झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जास्त संबंध दिसला. नुसता आवाज पुरत नाही. टीव्ही दिवसभर बोलतो, पण तुमच्या ‘तोपी’ला ‘हो, मोठी टोपली’ म्हणत नाही. फोनही नाही.

विडीच्या ओसरीला मी सोन्याचा मुलामा देत नाहीये. ती तंबाखूची धूळ आमच्याही छातीत जायची. रोवणीच्या दिवसांत तर सगळ्या बाया पहाटेपासून चिखलात वाकलेल्या असायच्या आणि तान्हं सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या दिवसांत कोण कोणाशी बोलणार? आणि त्याच ओसरीत एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. त्याला सगळे ‘मुका’ म्हणत. आज मला खात्रीने वाटतं की त्याला ऐकू येत नव्हतं. सगळी ओसरी त्याच्याभोवती बोलत होती आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. त्याच्याही जिभेवर वेखंड फिरवलं गेलं असणार. कान कोणी पाहिले नाहीत. पुढे तो ढोरं राखायला गेला.

‘ळ’ कुठे गेला

मग शाळा. पहिलीत गुरुजींनी मला उभं केलं आणि ‘डोळा’ म्हणायला लावलं. मी ‘डोरा’ म्हटलं. ‘पाणी’ म्हणायला लावलं, मी ‘पानी’ म्हटलं. ‘शेत’चं ‘सेत’ झालं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, जीभ वळत नाही का?

पुन्हा जीभ! खरं तर माझी जीभ उत्तम वळत होती. झाडीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘श’चा ‘स’ होतो. हा त्या बोलीचा नियम आहे आणि सगळे बोलणारे तो काटेकोर पाळतात. जो आवाज मी जन्मापासून घरात ऐकलाच नव्हता, तो सहाव्या वर्षी तोंडातून निघाला नाही, तर त्याला दोष म्हणायचं की भेद?

वाचादोषावर काम करणाऱ्यांना हा फरक शिकवला जातो. घरातले सगळे ‘ळ’ म्हणतात आणि एकटं मूल बऱ्याच वयापर्यंत म्हणत नाही, तर तपासणी करावी. घरात कोणीच म्हणत नसेल, तर ती बोली आहे; तिला उपचार लागत नाही. शाळेत प्रमाण मराठी शिकताना मूल दुसरा आवाज कमावेलच. मीही कमावला. पण तो शिकताना पहिला आवाज लाजेने गिळायची गरज नव्हती.

झाडीला तिचं नाव परत मिळवून द्यायला माणसं उभी राहिली ती बरीच उशिरा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य या कामात घातलं. त्यांनी झाडीचा शब्दकोश केला, दंडारीवर लिहिलं. झाडीबोली साहित्य मंडळ निघालं, गावोगाव संमेलनं भरू लागली. ज्या बोलीला १९०५ मध्ये नागपुरीच्या पोटात टाकलं होतं, ती स्वतःच्या नावाने छापली जाऊ लागली.

हा वाद नवा नाही. तेराव्या शतकात याच विदर्भात महानुभाव पंथात तो झाला होता. चक्रधरांच्या अनुयायांत आमच्या भंडाऱ्याचं नाव लावणारे नीळभट्ट भांडारेकार होते. पुढे पंथातल्या पंडितांना संस्कृतात लिहावंसं वाटलं, तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवलं. कारण एवढंच : संस्कृतात गेलं की पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. ज्ञान कोणत्या भाषेत ठेवायचं, हे त्यांनी म्हाताऱ्यांकडे बघून ठरवलं.

सातशे वर्षांनी आमच्या घरात उलटं झालं. घराची भाषा कोणती असावी, हे ठरवताना म्हातारीलाच गप्प केलं गेलं. दिवाळीच्या त्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं की माय बाबूशी बोलतच नाही. ती त्याला आंघोळ घालते, भात भरवते, मांडीवर झोपवते, सगळं मुक्याने. मी विचारलं, “माय, तू काहून बोलत नाहीस त्याच्याशी?” ती म्हणाली, “माह्या बोलन्यानं त्याची भासा बिघडते म्हनतेत.”

विडी वळता वळता जिने मला आणि भावाला अख्खी भाषा दिली, ती बाई एका मॅडमच्या एका वाक्याने बंद झाली होती. वहिनी दिवसभर नोकरीवर, भाऊ शेतात. घरात बाबूजवळ उरलेली एकच बोलकी व्यक्ती गप्प. आणि तो गप्प बसावा म्हणून त्याच्या हातात फोन.

अंगणातली शाळा

ज्यांनी आधीच घराकडे बघितलं होतं, अशा दोन बायांचं नाव इथे घ्यायला हवं. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) लग्नानंतर काही वर्षं आमच्या विदर्भात, अमरावतीत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, तिथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्ये दोघी कोसबाडला गेल्या. वारली पाड्यांवरची लेकरं बालवाडीत येत नव्हती. घरची कामं, लहान भावंडं, लांबचा रस्ता. मग बालवाडीच लेकरांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. खडे, पानं, बिया हीच साधनं, आणि लेकरांची घरची बोली वर्गात चालायची.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आमच्या पिढीला अंगणवाडी म्हटलं की खिचडी आणि वजनकाटा आठवतो. बोलणं मागे पडलं. एका बाईच्या अंगावर पोषण, लसीकरणाची नोंद, रजिस्टरं. गप्पा मारायला तिला वेळ कधी मिळणार?

तरी एक काम झालं, जे त्या ओसरीतल्या मुलाच्या वेळी नव्हतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातल्या पालघरहून झाली. यात डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतं. बहिरेपणा आणि भाषा उशिरा येणं या दोन्ही गोष्टी त्या तपासणीच्या यादीत आहेत. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची सोय आहे. बाबूचं नाव प्ले-स्कूलमध्ये होतं, अंगणवाडीत तो जात नव्हता. त्यामुळे त्या पथकाच्या समोर तो कधी आलाच नाही. पैसे भरून आम्ही त्याला तपासणीबाहेर ठेवलं होतं.

मोठी टोपली

दिवाळीनंतर आम्ही त्याला नागपूरला आणलं. झोपेत कानाला आवाज ऐकवून मेंदूचा प्रतिसाद मोजणारी बेरा नावाची तपासणी झाली. कान ठीक निघाले. वहिनी तिथेच बाकावर बसून रडली. ऐकू येत नसतं तरी मार्ग होता, श्रवणयंत्र होतं, शस्त्रक्रिया होती. पण मग प्रत्येक महिना मोलाचा असता, आणि आम्ही एक वर्ष वेखंडात घालवलं होतं.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी आधी त्याच्याशी अर्धा तास खेळून घेतलं. मग आम्हाला विचारलं, घरी याच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? आम्ही एकमेकांकडे बघितलं. घरी कोणती बोली बोलता, हे विचारल्यावर वहिनीने चाचरत ‘झाडी’ म्हटलं. ताई म्हणाल्या, “मग झाडीतच बोला. तुम्हाला जी भाषा न अडखळता येते, तीच त्याला द्या. एक भाषा पक्की झाली की दुसरी तिच्या खांद्यावर बसते.”

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी लिहून घेतल्या. त्याच्या उंचीवर बसायचं, तोंड त्याला दिसू द्यायचं. तो ज्याच्याकडे बघतो त्याबद्दल बोलायचं. हे काय, ते काय, अशी परीक्षा घ्यायची नाही. बोलून झाल्यावर थांबायचं, मनात दहा मोजायचे, त्याला वेळ द्यायचा. त्याने एक शब्द दिला की दोन करून परत द्यायचे : तो ‘पानी’ म्हणाला, तर ‘थंड पानी’. आणि फोन लांब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आत पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. तीन वर्षांचा होऊनही दोन शब्द जोडले नाहीत तर पुढच्या तपासण्या करायच्या.

कागद वाचून होईपर्यंत मला कळलं होतं की यातलं जवळजवळ सगळं माय तीस वर्षांपूर्वी करत होती. कागदावर नसलेली एकच गोष्ट तिच्याकडे होती : सूप. आणि तिच्याकडे नसलेली एकच गोष्ट कागदावर होती : कान आधी तपासा.

तुमच्या घरात, शेजारी असं लेकरू असेल तर एवढंच सांगते. वर्षभराचा होऊन नावाला वळत नाही, दीड वर्षात एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्दांची जोडी नाही, किंवा आलेले शब्द गेले – तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ या वाक्यावर थांबू नका. बाप बोलला असेल. त्याच्याच ओसरीतला एखादा बोलला नसेल, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तपासणी फुकट होते, अंगणवाडीच्या ताईला विचारा. आणि तपासणीची वाट बघताना बोलणं थांबवू नका. घरात जी बोली आहे तीच बोला.

गावी परतल्यावर मी मायला सगळं सांगितलं. तिला पटायला दोन दिवस लागले. तिचा प्रश्न एकच होता : “त्या डॉक्टरीन बाई झाडीतच बोला म्हनाल्या? नक्की?” मी नक्की म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत चहा करत होते. बाहेर ती तांदूळ निवडत होती, बाबू समोर. ती म्हणत होती, “डोरा कुठी आहे माह्या बाबूचा? हा कोनाचा डोरा? आजीचा डोरा?” मग ती थांबली. मी आत मनात दहा मोजले.

बाबू त्या दिवशी काही बोलला नाही. त्याने तिच्या डोळ्यावर बोट ठेवलं. दोन शब्दांची जोडी यायला त्याला पुढे पाच महिने लागले, आणि अजूनही तो त्याच्या वयाच्या मुलांच्या मागेच आहे. दर तीन महिन्यांनी नागपूरची फेरी चुकत नाही. पण ती पहिली जोडी मी लिहून ठेवली आहे. पावसाचे दिवस होते, रोवणी चालू होती. भाऊ बांधीतून आला, पायाला चिखल. बाबू त्याच्या पायाकडे बघून म्हणाला, “बाबा चिखल.”

माय आतून म्हणाली, “हो रे बाबू. बाबाच्या पायाले चिखल.”